थंडी सोसणारी जास्वंद: लावणी, छाटणी आणि उशिरा येणारी पालवी

जास्वंद म्हटले की डोळ्यांसमोर येते ती तुकतुकीत हिरव्या पानांची, वर्षभर फुले देत राहणारी जास्वंद. ती उबदार हवेतली. पारा बरेच दिवस १० अंश सेल्सिअसच्या खाली राहिला की तिची पाने पिवळी पडतात, आणि दव गोठवणारी थंडी आली की फांद्या काळ्या पडून झाड जाते. अशा हवेत ती कुंडीत लावून हिवाळाभर घरात ठेवण्यावाचून गत्यंतर नसते. पण त्याच कुळात असे एक झुडूप आहे, जे हिवाळ्यात पाने झाडून उघड्यावर उभे राहते, नीट रुजले असेल तर उणे २० अंशांची थंडीही काढते, आणि बाकीच्या झुडपांचा बहर ओसरत असताना, म्हणजे ऐन उन्हाळ्याच्या मध्यापासून पानगळीच्या तोंडापर्यंत फुलत राहते. शास्त्रीय नाव हिबिस्कस सिरियाकस. रोपवाटिकेत ते 'रोझ ऑफ शेरॉन' किंवा 'अल्थिया' या नावांनी मिळते. मूळ चीनकडचे, कोरियात शतकानुशतके लावलेले. दक्षिण कोरियाचे राष्ट्रीय फूल हेच, तिथे त्याला मुगुंगह्वा म्हणतात.

झाड चिवट आहे, फारसे लाड मागत नाही. तरीही ते लावलेल्या लोकांच्या तक्रारी ठरावीक असतात: फुलेच येत नाहीत, कळ्या गळतात, झाड मेले असे वाटून उपटले. यातल्या बहुतेक तक्रारी दोन गोष्टी ठाऊक नसल्यामुळे होतात. पहिली, याचे फूल त्याच वर्षी फुटलेल्या नव्या काडीवर येते, जुन्या लाकडावर नाही. दुसरी, वसंतात हे झाड फार उशिरा जागे होते. छाटणी कधी करायची, खत कधी घालायचे, पाणी कधी चुकवायचे नाही, हे सगळे या दोन गोष्टींवरून ठरते. पुढे जागोजागी त्यांच्याकडेच यावे लागेल.

विकत घेण्याआधी झाड ओळखा

'हार्डी हिबिस्कस' या एकाच पाटीखाली दोन अगदी वेगळी झाडे विकली जातात. एक हे लाकडी झुडूप. दुसरे हिबिस्कस मोश्च्युटोस, ज्याची फुले ताटाएवढी, कधी कधी २० सेंटीमीटरहून मोठी असतात. ते दरवर्षी हिवाळ्यात जमिनीपर्यंत सुकते आणि पुन्हा मुळापासून फुटते. त्याला ओल आवडते, आपल्या झुडपाला साचलेले पाणी सोसत नाही. त्याचे सुकलेले दांडे बुडापासून कापायचे असतात. आपल्या झुडपाला दरवर्षी तसे कापले तर उंची आणि आकार कधीच येणार नाही. म्हणून पाटीवरचे शास्त्रीय नाव वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

पाटी नसेल तर पाहून ओळखता येते. सिरियाकसच्या फांद्या करड्या रंगाच्या, सरळ वर जाणाऱ्या असतात. पान साधारण ५ ते १० सेंटीमीटर लांब, बहुतेक वेळा तीन भागांत विभागलेले, कडेला जाड दाते. हिवाळ्यात पाने नसताना काडीची टोके गाठीसारखी फुगीर दिसतात, आणि गेल्या वर्षीची तपकिरी, पाच भागांत उकललेली बोंडे बऱ्याचदा फांदीवर तशीच असतात. फूल ६ ते १० सेंटीमीटरचे, पाच पाकळ्यांचे, मधोमध पांढरट दांडा आणि बहुतेक वाणांत बुडाशी गडद लाल डाग.

झाडाची पूर्ण वाढ २ ते ४ मीटर उंच आणि २ ते ३ मीटर रुंद. बुडाशी अरुंद आणि वर पसरट असा त्याचा नैसर्गिक घाट असतो. हे आकडे लक्षात ठेवूनच जागा निवडायची, कारण रोपवाटिकेतले हातभर रोप पाहून कुणालाच हा अंदाज येत नाही.

कोणता वाण घ्यावा

वाण शेकड्याने आहेत. निवडताना रंगाआधी पाकळ्यांकडे पाहा. एकेरी फुलांचे वाण कुठल्याही हवेत उमलतात. भरगच्च दुहेरी फुलांना उमलायला कोरडी, उबदार हवा लागते. थंड किंवा पावसाळी उन्हाळ्यात त्यांच्या कळ्या अर्ध्या उघडून तशाच चिकटतात, तपकिरी होतात आणि सडक्या गोळ्यांसारख्या फांदीवर लटकत राहतात. छायाचित्रात दुहेरी फूल कितीही देखणे दिसो, तुमच्याकडचा उन्हाळा ओला असेल तर त्या वाटेला जाऊ नका.

एकेरी वाणांत 'ब्लू बर्ड' जांभळट निळा, 'वुडब्रिज' गडद गुलाबी, 'हमाबो' फिका गुलाबी आणि आत लालसर रेषांचा, तर 'रेड हार्ट' पांढरा आणि मध्ये लाल. 'शिफॉन' मालिकेतले वाण मधला मार्ग काढतात: बाहेरच्या पाच पाकळ्या रुंद आणि मध्यावर झालरीसारख्या बारीक पाकळ्यांचा झुपका. निळ्या म्हणून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक वाणात जांभळ्याची झाक असतेच. पाटीवरचे आकाशी छायाचित्र पाहून भुलू नये. शक्य असेल तर झाड फुलात असताना जाऊन प्रत्यक्ष रंग पाहावा.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वनस्पती उद्यानात डोनाल्ड एगॉल्फ यांनी तयार केलेल्या चार वाणांचा वेगळा उल्लेख हवा: 'डायना', 'हेलेन', 'मिनर्व्हा' आणि 'अफ्रोडाइटी'. यांच्या पेशींत गुणसूत्रांचे दोनऐवजी तीन संच असतात, त्यामुळे बी जवळजवळ धरत नाही. बी धरण्यात जाणारी ताकद वाचते, फुलण्याचा काळ लांबतो आणि झाडाखाली रोपांचे रान माजत नाही. डायनाचे फूल शुभ्र, कुठलाही डाग नसलेले, पाकळ्या जाड आणि मेणचट. सिरियाकसची बहुतेक फुले संध्याकाळी मिटतात, पण डायनाचे रात्रीही उघडे राहते. संध्याकाळनंतरच बागेत बसायला वेळ मिळणाऱ्यांनी मी तरी हाच वाण सुचवीन.

जागा चिंचोळी असेल तर 'पर्पल पिलर'सारखा खांबासारखा वाढणारा वाण आहे, त्याची रुंदी मीटरभराच्या आतच राहते. कुंडीसाठी ठेंगणे वाण मिळतात.

जागा: ऊन आणि निचरा

दिवसाला किमान सहा तास थेट ऊन हवे. चार तासांत झाड जगते, वाढतेही, पण काड्या लांबट होतात आणि फुले मोजकी येतात. ज्या भागात उन्हाळा सौम्य असतो तिथे दुपारचे ऊन पडणाऱ्या भिंतीजवळची जागा सर्वांत चांगली, कारण भिंत दिवसभर तापते आणि ती ऊब झाडाला मिळते. याउलट उन्हाळा भाजून काढणारा असेल तर दुपारनंतर थोडी विरळ सावली चालते. भिंतीपासून दीड मीटर अंतर सोडा, म्हणजे मागच्या फांद्यांनाही हवा मिळेल.

मातीच्या बाबतीत झाड उदार आहे. किंचित आम्ल ते किंचित विम्लधर्मी, म्हणजे साधारण ५.५ ते ७.५ सामू (पीएच) असलेली कुठलीही माती त्याला चालते. चालत नाही ते फक्त मुळाशी साचणारे पाणी, विशेषतः हिवाळ्यात. कडाक्याच्या थंडीने मेली असे ज्या झाडांबद्दल म्हटले जाते, त्यातली बरीचशी प्रत्यक्षात थंड चिखलात मुळे कुजून मेलेली असतात.

म्हणून लावण्याआधी एक चाचणी करा. ३० सेंटीमीटर खोल खड्डा खणून पाण्याने भरा आणि पूर्ण जिरू द्या. मग पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेले पाणी बारा तासांनंतरही तळाला दिसत असेल तर त्या जागी सपाट लावणी नको. २० ते ३० सेंटीमीटर उंचीचा, मीटर-दीड मीटर रुंद उंचवटा करून त्यावर लावा. खड्ड्याच्या तळाशी खडी घालण्याची पद्धत सर्रास दिसते, तिचा उपयोग होत नाही. बारीक मातीतले पाणी खालच्या जाड खडीत सहज उतरत नाही, ते वरच अडते आणि मुळे आणखी ओलीत राहतात. चिकणमातीत नुसती वाळू मिसळणेही टाळा. कुजलेला पालापाचोळा किंवा कंपोस्ट मिसळल्याने जे साधते ते वाळूने साधत नाही.

आणखी एक बारीक मुद्दा. या झाडाचे फूल साधारण दिवसभर टिकते. मग पाकळ्या पुन्हा एकमेकींभोवती घट्ट गुंडाळल्या जातात आणि बोटभर सुरळी अख्खीच्या अख्खी गळून पडते. पाकळ्या विखुरत नाहीत, त्यामुळे झाड स्वच्छ दिसते. पण बहरात रोज सकाळी खाली या सुरळ्यांचा सडा असतो आणि ओल्या झाल्या की त्या चांगल्याच निसरड्या होतात. फरशीच्या पायवाटेला किंवा पायऱ्यांना लगटून झाड लावू नका.

लावणी

कडक हिवाळ्याच्या भागात शेवटची जोराची थंडी सरल्यावर, वसंतात लावा. म्हणजे पहिल्या हिवाळ्याआधी मुळांना पूर्ण हंगाम मिळतो. हिवाळा सौम्य असेल तर पानगळीच्या सुरुवातीलाही लावता येते, मात्र जमीन गोठायला निदान सहा आठवडे हाताशी असावेत.

कुंडीसकट रोप पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा आणि बुडबुडे थांबेपर्यंत भिजू द्या. खड्डा मुळांच्या गोळ्याएवढाच खोल, पण दोन ते तीन पट रुंद घ्या. जास्त खोल खणून माती परत भरली तर ती पुढे खचते आणि झाड खोल जाते. रोप कुंडीतून काढल्यावर मुळे गोल गोल फिरलेली दिसली तर हाताने सोडवा, न सुटणारी धारदार चाकूने उभी तीन-चार ठिकाणी चिरा. फिरलेली मुळे तशीच ठेवली तर ती वर्षानुवर्षे तशीच फिरत राहतात आणि खोडालाच आवळतात.

झाड खड्ड्यात ठेवल्यावर आडवी काठी टाकून पातळी पाहा. खोड जिथे मुळांकडे पसरायला लागते तो भाग जमिनीच्या बरोबरीला किंवा बोटभर वर असावा. काढलेलीच माती परत भरा. खड्ड्यातच भरपूर खत घालून तो श्रीमंत करू नका, मुळे मग त्या मऊ मातीतून बाहेर पडायला आळस करतात. कंपोस्ट घालायचेच असेल तर वरून, दोन बोटे थर पसरा. माती हाताने दाबा, पायाने तुडवू नका. आळे करा आणि पाणी सावकाश, माती बसेपर्यंत द्या.

शेवटी वाळलेली पाने, लाकडाचा भुसा किंवा सालींचे ५ ते ८ सेंटीमीटर जाड आच्छादन घाला. खोडाभोवती वीतभर जागा मोकळी ठेवा. आच्छादन खोडाला टेकले की साल ओली राहते आणि कुजते.

कुंपण करायचे असेल तर दोन रोपांत ६० ते ९० सेंटीमीटर, सुटे झाड हवे असेल तर शेजारच्या झुडपापासून २ ते अडीच मीटर अंतर ठेवा.

पाणी

जुनी झाडे दुष्काळ सहज काढतात. नवी काढत नाहीत. पहिले दोन उन्हाळे पाऊस नसेल तेव्हा आठवड्याला एकदा १० ते १५ लिटर पाणी, आळ्यात सावकाश. रेताड मातीत तेवढेच पाणी दोन वेळांत विभागून. रोज तांब्याभर पाणी घालण्याची सवय सर्वांत वाईट, कारण त्याने वरची दोन बोटे माती ओली होते आणि मुळे खाली जाण्याऐवजी वरच रेंगाळतात. शंका असेल तर आच्छादन बाजूला करून बोट मातीत खुपसा. बोटभर खोलीवर माती कोरडी लागली तरच पाणी द्या.

तिसऱ्या वर्षापासून झाड स्वतःचे बघते. एक काळ मात्र अपवाद: कळ्या धरल्यापासून बहर संपेपर्यंत. तेव्हा माती एकदा खडखडीत कोरडी आणि एकदा लथपथ अशी होऊ लागली की कळ्या न उमलताच गळतात. पाणी कमी असले तरी चालेल, पण ते एकसारखे असू द्या.

वसंतात झाड मेल्यासारखे दिसते तेव्हा

बागेतली सगळी झुडपे हिरवी होऊन जातात, कंदांची फुले येऊन जातात, आणि ही जास्वंद मात्र करड्या काड्यांचा जुडगा बनून उभी असते. रात्री उबदार होईपर्यंत ती हलत नाही. पहिल्या वर्षी लावलेले रोप तर आणखी उशीर लावते. अशा वेळी ते उपटून फेकण्याआधी नखाने बारीक फांदीची साल किंचित खरवडा. आत ओलसर हिरवा पापुद्रा दिसला तर फांदी जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडे लागले तर तिथून खाली वीतभर सरकून पुन्हा खरवडा. टोके मेलेली आणि बूड जिवंत असे बऱ्याचदा असते. फूल नव्या काडीवरच येणार असल्यामुळे वरच्या फांद्या थंडीने गेल्या तरी त्या वर्षीचा बहर हातचा जात नाही, फक्त उशिरा येतो.

खरवडल्यावर हिरवे दिसले की मग झाडाला त्याच्या वेळेवर सोडा. पाने नसलेल्या झाडाला पाणी फारसे लागत नाही. जागे करण्यासाठी म्हणून केलेला पाण्याचा मारा त्याला मारतो.

या उशिराचा एक फायदा घेता येतो. वसंताच्या सुरुवातीला झाडाखाली भरपूर ऊन पडते, म्हणून तिथे क्रोकस, नर्गिस, ट्यूलिप यांचे कंद लावावेत. जास्वंदीची पाने दाट होईपर्यंत त्यांचे फुलणे आणि पाने सुकणे उरकलेले असते. कंद झाड लावतानाच लावून टाका, नंतर मुळांच्या जवळ खणाखणी नको.

छाटणी

सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. वेळ एकच: हिवाळा सरताना, डोळे फुगण्याआधी. या झाडाला पालवी उशिरा येत असल्यामुळे छाटणीलाही निवांत अवधी मिळतो. पानगळीआधी छाटणी केली तर कोवळे फुटवे येतात आणि पहिल्याच थंडीत करपतात. उन्हाळ्यात, काड्या वाढून झाल्यावर छाटणी केली तर तुम्ही कळ्याच कापत असता. कुंपण चौकोनी दिसावे म्हणून वर्षभर कात्री चालवणाऱ्यांच्या कुंपणाला फुले येत नाहीत, त्याचे कारण एवढेच.

पहिली दोन-तीन वर्षे हात आखडता ठेवा. रोप एकदांडी वाढत असेल तर टोक एक तृतीयांश कापून बाजूचे फुटवे आणा, म्हणजे बुडापासून चार-पाच मजबूत खोडे तयार होतील. मोठ्या झाडात क्रम असा: आधी मेलेले आणि मोडलेले, मग एकमेकांवर घासणाऱ्या दोन फांद्यांतली कमजोर, मग आतल्या बाजूला वळलेल्या काड्या. मध्यभाग मोकळा झाला की थांबा आणि चार पावले मागे जाऊन झाडाकडे पाहा. बऱ्याचदा एवढे पुरते.

फुले मोठी हवीत की जास्त हवीत, हे यानंतर ठरवायचे. गेल्या वर्षीची प्रत्येक काडी दोन-तीन डोळे ठेवून मागे कापली तर मोजके, जोमदार फुटवे येतात आणि त्यांवरची फुले ठसठशीत होतात. काड्या जवळजवळ तशाच ठेवल्या तर फुटवे जास्त, फुले लहान, पण झाड लदबदते. लांबून पाहण्याच्या झाडाला दुसरी पद्धत, खिडकीजवळच्या झाडाला पहिली. जोरदार छाटणीचा एक तोटा असा की लांब कोवळ्या फांद्या फुलांच्या वजनाने, विशेषतः पावसानंतर, वाकून जमिनीला टेकतात. वारा आणि पाऊस फार असेल तर मध्यम छाटणीच बरी.

काप बाहेरच्या दिशेला तोंड असलेल्या डोळ्याच्या अर्धा सेंटीमीटर वर, किंचित तिरका घ्या. या झाडाचे डोळे बारीक, जवळजवळ सालीत लपलेले असतात. पानाचा जुना व्रण दिसला की त्याच्या लगेच वर डोळा आहे असे समजा. सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, धारदार असू द्या, कारण सालीतले धागे चिवट असतात आणि बोथट पात्याने साल सोलून निघते.

वय झालेले, बुडाशी उघडे पडलेले झाड पुन्हा भरायचे असेल तर सर्वांत जुन्या खोडांपैकी एक तृतीयांश खोडे दरवर्षी बुडाजवळून काढा. तीन वर्षांत झाड नवे होते आणि मधल्या काळात फुलेही मिळत राहतात. घाई असेल तर सगळे झाड एकदम ६० ते ९० सेंटीमीटरवर कापता येते, पण त्या वर्षीचा बहर उशिरा आणि तोकडा येणार हे धरून चाला.

छोट्या वृक्षासारखे, एकाच खोडावर छत्री असलेले झाडही घडवता येते. सर्वांत सरळ काडी निवडून काठीला सैल बांधा, बाकीच्या बुडापासून काढा, आणि हव्या त्या उंचीवर, समजा दीड मीटरवर, शेंडा खुडा. खालचे बाजूचे फुटवे एकदम न काढता वर्षाआड थोडे थोडे काढा, त्यांच्या पानांमुळेच खोड जाड होते. विकत घेतलेले असे झाड कलमी असेल तर जोडाच्या खालून येणारा प्रत्येक फुटवा लगेच काढून टाका, नाहीतर दोन-तीन वर्षांत ज्यावर कलम बांधले तो खुंटच वरचढ होतो.

खत

कमीच घाला. वसंतात, डोळे फुगू लागले की झाडाच्या घेराखाली कुजलेल्या शेणखताचा किंवा कंपोस्टचा दोन बोटे थर पुरतो. माती फारच हलकी असेल तर त्याच वेळी सावकाश विरघळणारे संतुलित खत, पाकिटावरच्या प्रमाणाच्या अर्धे. नत्र वाढले की पाने मोठी, गडद आणि फुले गायब. हिरवळीला घातलेले खत वाहून येत असेल तरी हेच होते, आणि लोक मात्र फुले येत नाहीत म्हणून आणखी खत घालतात. उन्हाळ्याच्या मध्यानंतर काहीही घालू नका. त्यानंतर फुटलेल्या काड्यांना पक्क्या व्हायला वेळ उरत नाही आणि थंडी आधी त्यांनाच गाठते.

कळ्या गळतात, पाने पिवळी पडतात

कळी गळताना तिचा आकार पाहा. मटाराएवढ्या हिरव्या कळ्या एकगठ्ठा गळत असतील तर कारण बहुधा पाण्यातली अनियमितता किंवा अचानक आलेली उष्णतेची लाट. रंग दिसू लागलेल्या, फुगलेल्या कळ्या गळत असतील आणि पाकळ्यांच्या कडा करपलेल्या असतील तर एक कळी पांढऱ्या कागदावर उकलून झटका. अगदी बारीक, चपळ किडे पळताना दिसले तर ते फुलकिडे. गळलेल्या कळ्या गोळा करून कचऱ्यात बांधून टाका, झाडाखाली ठेवू नका. रात्री थंड आणि ढगाळ अशा उन्हाळ्यात तर काहीच कारण नसताना कळ्या हट्टाने मिटलेल्या राहतात, त्याला भिंतीजवळची जागा हाच इलाज.

कोवळ्या शेंड्यांवर आणि कळ्यांच्या देठांवर मावा येतोच. मुंग्यांची रांग फांदीवर चढताना दिसली की तो आला असे समजा. पहिला उपाय पाण्याचा जोरदार फवारा, दोन-तीन दिवसांच्या अंतराने. त्याने भागले नाही तर कीटकनाशक साबण किंवा नीम तेल, पानांच्या खालच्या बाजूने, संध्याकाळी. भर उन्हात नीम तेल मारले तर पाने भाजतात, आणि सकाळी मारले तर फुलांवर आलेल्या मधमाश्या सापडतात. मुळांतून शोषली जाणारी दीर्घकाळ टिकणारी कीटकनाशके या झाडाला देऊ नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. इतके परागकण देणाऱ्या झाडात विष भिनवणे म्हणजे मधमाश्यांनाच ते वाढणे.

ज्या भागात जपानी भुंगेरे आहेत तिथे ते पाकळ्या आणि पाने जाळीदार करून टाकतात. सकाळी गारठ्यात ते सुस्त असतात. साबणाच्या पाण्याचे भांडे खाली धरून फांदी हलवली की अलगद पडतात. पांढरी माशी आणि खवले कीड सावलीतल्या, दाट झाडावर जास्त, म्हणजे उपाय पुन्हा छाटणीतच.

खालची थोडी पाने उन्हाळ्यात पिवळी होऊन गळणे हे पाण्याच्या ताणाचे लक्षण, घाबरण्यासारखे नाही. नव्या पानांत शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असे दिसत असेल तर माती फार विम्लधर्मी आहे आणि झाडाला लोह मिळत नाही. सगळे झाड एकदम मलूल, माती ओली आणि खोडाच्या बुडाशी साल मऊ, अशी तिन्ही लक्षणे दिसली तर मूळकूज आहे. मग पाणी बंद करून निचरा सुधारण्यापलीकडे फारसे काही हातात नसते.

आपोआप उगवणारी रोपे

बी धरणारे वाण भरमसाट रोपे उगवतात आणि काही भागांत हे झाड तण मानले जाते. बोंडे हिरवी असतानाच खुडा, किंवा तपकिरी होऊन उकलण्याआधी फांद्यांची टोके कापा. उगवलेली रोपे चार पाने असताना बोटांनी सहज निघतात. मूळ सरळ खोल जाते, म्हणून वर्षभर थांबलात तर कुदळ लागते. अशी रोपे वाढवून पाहायला हरकत नाही, दोन-तीन वर्षांत फुलतात, पण फूल आईसारखेच येईल याची खात्री नाही.

कुंडीत

ठेंगणा वाण, निदान ४५ सेंटीमीटर रुंद कुंडी आणि तळाला मोठी भोके. कुंडीतल्या मुळांना चारही बाजूंनी थंडी लागते, त्यामुळे जमिनीत उणे २० अंश सोसणारे झाड कुंडीत त्यापेक्षा बरीच कमी थंडी सोसते. पाने गळल्यावर कुंडी भिंतीच्या आडोशाला किंवा न तापवलेल्या खोलीत सरकवा. झोपलेल्या झाडाला उजेड लागत नाही, महिन्यातून एकदा थोडे पाणी दिले की झाले. दर दोन-तीन वर्षांनी वसंतात बाहेर काढून मुळे थोडी छाटा आणि माती बदला.

कलमे

वाण जसाच्या तसा हवा असेल तर काडी लावणे हाच मार्ग, आणि ही जास्वंद काडीपासून सहज येते. उन्हाळ्याच्या सुरुवातीला ते मध्यापर्यंत, ज्या काडीवर फूल नाही आणि जी वाकवली तर लवते पण मऊ पडत नाही, अशी १० ते १५ सेंटीमीटरची काडी पेराच्या लगेच खाली कापा. खालची पाने काढा, वरची दोन ठेवा, ती मोठी असतील तर निम्मी कापा. कळी असेल तर खुडा. बुडाला मुळे फुटण्याची पावडर लावून अर्धे कोकोपीट आणि अर्धे परलाइट (निचऱ्यासाठी वापरतात ते हलके पांढरे खडे) अशा ओलसर मिश्रणात खोचा. वरून पारदर्शक पिशवी, जागा उजेडाची पण थेट उन्हाची नको. चार ते आठ आठवड्यांत मुळे येतात. काडी हलकेच ओढून पाहिली आणि तिने धरून ठेवले तर आली. पिशवी एकदम न काढता आठवडाभर रोज थोडी जास्त उघडी ठेवा.

उन्हाळ्यात जमले नाही तर पाने गळल्यावर पेन्सिलीएवढ्या जाड, २० ते २५ सेंटीमीटरच्या पक्क्या काड्या घ्या. वरचे टोक कोणते ते विसरू नये म्हणून खालचा काप सरळ आणि वरचा तिरका करा. निचऱ्याच्या जमिनीत दोन तृतीयांश पुरून टाका आणि पुढची पानगळ येईपर्यंत हलवू नका. वसंतात पाने फुटली म्हणजे मुळे आली असे नसते, काडी साठवलेल्या अन्नावरही पालवते.

नवी मुळे ठिसूळ असतात. मोठ्या कुंडीत हलवताना मिश्रणासकट उचला, काडीला धरून ओढू नका. पहिल्या वर्षी कळी दिसली तर खुडून टाका आणि रोप पहिला हिवाळा आडोशाला काढू द्या. पुढच्या वसंतात, त्याला पालवी येऊ लागली की मगच जमिनीत लावा.